अण्णांच्या बाजाचं वय

आमच्या लालबागच्या चाळीतले अण्णा बाजा, म्हणजे माउथ ऑर्गन, वाजवत नसत. त्याचं वय सांगत. गिरणीत साचा, म्हणजे माग, चालवत होते तेव्हा ही नुसती हौस होती. संप सुरू झाला, भोंगा बंद झाला आणि दिवसभर गॅलरीत एकटं बसायची वेळ आली, तेव्हा तेवढंच काम उरलं. कुणी माळ्यावरचा जुना बाजा आणला की ते आधी खिळे आहेत की स्क्रू ते बघत, मग भिंगातून पत्र्यावरची अक्षरं. नुसतं ‘जर्मनी’ असेल तर बहुधा महायुद्धाच्या आधीचा. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर नक्की नंतरचा.

पत्रा चकचकीत करून आणणाऱ्यावर ते चिडत. “अक्षरं घासलीस? मग आता वय तुझ्या बापाला विचार.”

मी तेव्हा नुकता कारकून झालो होतो. आकड्यांचा माणूस म्हणून त्यांनी ही पारख मला शिकवली. त्यांच्या स्वतःच्या ट्रंकेत मात्र एक बाजा फडक्यात बांधलेला असे. त्यांचा थोरला भाऊ बोटीवर होता. युद्धात बोट बुडाली, वहिनींनी कुंकू पुसलं. बऱ्याच वर्षांनी एका खलाशाने भावाचा म्हणून हा बाजा आणून दिला आणि काही न सांगता गेला. युद्धाआधीचा असला तर ती आठवण. नंतरचा असला तर भाऊ जिवंत होता आणि घरी आला नव्हता.

वहिनी अण्णांकडेच राहत. साऱ्या चाळीच्याच त्या वहिनी. एकदा मला म्हणाल्या, “भाऊजी सगळ्यांच्या बाजांची वयां सांगतत, ह्यांच्या बाजाचा इचारला की गप. तू वाच रे. माका वाचूक येना नाय.”

“उद्या,” अण्णा म्हणाले. “आज उजेड नाही.”

दुपारचे दोन वाजले होते.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी बाजा माझ्या हातात दिला. भिंग दिलं नाही. ‘मेड इन’ आणि ‘जर्मनी’ यांच्या मध्ये चार इंग्रजी अक्षरांची जागा कानशीने घासलेली होती. ओरखडे ताजे होते. कचेरीत मी कधी एक आकडा फिरवला नव्हता.

“जर्मनी,” मी वाचलं. “युद्धाच्या आधीचा, वहिनी.”

त्यांनी बाजा कपाळाला लावला आणि आत जाऊन पुन्हा फडक्यात बांधला.

पुढे वहिनी गेल्या. गिरणी काही सुरू झाली नाही. अण्णा कायमचे गावी निघाले, तेव्हा ते फडकं त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

“तुझ्याकडे राहू दे. तुला वाचता येतं.”

त्या घासलेल्या जागेबद्दल आम्ही दोघं एवढंच बोललो.