घेताना असलेले दोष

आमच्या शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याला सगळे ‘कडक’ म्हणतात. इस्त्रीवरून पडलेलं नाव. माणूस अगदीच मऊ. बायको गेली आणि तो विसरायला लागला. आधी गिऱ्हाइकांची नावं, मग दुकानाला कुलूप लावायचं. एकदा माझ्या शिलाई मशीनपाशी येऊन म्हणाला, “उद्या तीही जाईल हो डोक्यातून. मग मी रडू कोणासाठी?” मी पडलो शिंपी. काय सांगणार, डोंबल?

त्याच्या लेकीने डायरी आणून दिली. “आईबद्दल रोज लिहा बाबा, आठवेल ते.”

आता याने जन्मभर लिहिलं काय, तर पावत्या. कपडा घेताना त्याचे दोष आधी टिपून ठेवायचे: कॉलर विरलेली, खिशावर शाईचा डाग. नंतर भांडण नको, आणि ढिगात हरवलाच तर त्यावरूनच ओळखू येतो. पांढरे शर्ट काय, सगळे सारखेच. कडकने बायको तशीच लिहून काढली. पुढचा दात तुटका. घोरते. डावा पाय ओढत चालते. बहिणीवर जळते. माझी आई गेली तेव्हा रडली नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की लिहायचा, आणि लिहिताना स्वतःशीच हसायचा. ती गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

लेकीच्या हाती ती डायरी लागली. तिने भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने वाचली. “जन्मभर राबली ती तुमच्यासाठी, आणि तुम्ही तिची उणीदुणी काढत बसलात?”

“अगं, दोष लिहिले म्हणजे ती...” तो सांगू लागला. मी मध्ये पडलो, तर म्हणाली, “काका, तुम्ही तुमचं शिवा.” पानं फाडून तिने कपड्यांच्या भट्टीत घातली. कडक बघत राहिला. मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या.

दुसऱ्या दिवशी नवी डायरी आली. पहिलं पान तिनेच लिहिलेलं: आई साक्षात देवी होती, तिने कधी आवाज चढवला नाही. “रोज सकाळी हे वाचायचं, बाबा.” बिचारा इमानेइतबारे वाचू लागला.

परवा इस्त्री फिरवता फिरवता त्याने तिला विचारलं, “तुझी आई एक पाय ओढत चालायची ना गं? कुठला?”

“आई अगदी नीट चालायची, बाबा.”

कडकने इस्त्री बाजूला ठेवली.

“हो का,” तो म्हणाला. “मग ती दुसरीच कोणी असेल.”