अर्धी टाकी पेट्रोल

“फ्लोटच हाय, दुसरं काय असतंय?” व्हॅन शेडसमोर नीट उभी राहायच्या आत न्हावरे गावचे मिस्त्री निकाल देऊन मोकळे व्हायचे. ऐकून घेणं वगैरे नंतर. असा एखादा मिस्त्री तुमच्याही वाट्याला आला असेलच, आणि त्यानं तुमचंही डोकं असंच पिकवलं असेल.

मी शिरूरहून दौंड स्टेशनला माणसं पोचवायचो. शिरूरला रेल्वे नाही. अशा धंद्यात पेट्रोलचा काटा खोटं बोलायला लागला म्हणजे जीव टांगणीला. टाकी भरली तरी कधी काटा तळाशी, आणि पेट्रोल संपत आलं की ऐटीत अर्ध्यावर. त्यात डॅशबोर्डवर धूर-प्रदूषणाचा पिवळा दिवा पेटला, तो विझेचना.

मिस्त्रींचं आयुष्य ट्रॅक्टर उघडण्यात गेलेलं. ट्रॅक्टरच्या टाकीतला तरंगता फ्लोट बिघडतो, म्हणून व्हॅनचाही तोच बिघडणार. त्यांनी फ्लोट बदलला, मग त्याची दांडी अंदाजानं वाकवली. पुण्याच्या वर्कशॉपात मात्र कॉम्प्युटर लावून सांगितलं होतं, की काटा आणि दिवा, दोन्हींचं मूळ टाकीवरच्या वायरीत आहे, बिघाडाचा कोडही तसाच येतोय. पण दुरुस्तीला व्हॅन दोन दिवस ठेवा म्हणाले, धंदा बुडवून मला ते परवडेना.

“कोड? गाडीची काय पत्रिका मांडली व्हय त्यांनी?” मिस्त्री खदाखदा हसले आणि दिव्याचा बल्बच काढून माझ्या हातावर ठेवला. “घ्या. गेला तुमचा दिवा.”

माझी कानशिलं तापली. पण रस्त्यात कुठंही बंद पडलो तर हातातला चहा टाकून धावत येणारा माणूस हाच. सोडणार तरी कसा?

मग एक दिवस मिस्त्री स्वतःच व्हॅनमध्ये बसले. सोलापूरला थोरला भाऊ अंथरुणाला खिळला होता, त्यानं भेटायला बोलावलं होतं. मी म्हणालो, “आधी पेट्रोल टाकू.”

“कशाला? अर्धी टाकी हाय. कालच म्या काटा जुळवलाय. चला, गाडी चुकंल.”

वरवंडच्या पुढं व्हॅन आचके देत थांबली. काटा अर्ध्यावरच. वर्षभर साठवलेलं सगळं माझ्या ओठांवर आलं. मिस्त्री माझ्याकडं न बघता कॅन घेऊन पंपाकडं पळत सुटले. त्या वयात, त्या पोटानिशी. 

दौंडला पोचलो तेव्हा गाडी गेली होती. पुढच्या गाडीनं ते गेले, पण भाऊ जिवंत भेटला नाही.

तेरावा उरकून आल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. “मालक, पुण्यात काय म्हणले हुते?”

हाच प्रश्न मला वर्षभर ऐकायचा होता. आता तो नको होता. मी सांगितलं. त्यांनी टाकी उतरवली. वरच्या वायरीचं टोक गंजून हिरवं पडलं होतं. त्यांनी ते कापून नवं जोडलं.

“एवढंच हुतं व्हय,” ते म्हणाले आणि तिथंच बसून राहिले.

पुढं भावाची पोरं सांभाळायला ते शेड मोडून सोलापूरला गेले. दौंडला त्यांना मीच सोडलं. गाडीला भरपूर अवकाश होता. बाकावर बसा म्हणालो.

“न्हाई, हितंच बरा हाय.”

जिना चढताना मी वळून पाहिलं. ट्रंक पायाशी ठेवून ते फलाटावर उभे होते, गाडी येणार त्या दिशेला तोंड करून.