कोपऱ्यातला अंगठा

आमच्या बाई हवेत चिमूट उघडायच्या. मोबाइलवर फोटो मोठा करताना आपण दोन बोटं फाकवतो ना, तशी. पण समोर मोबाइल नसतानाही. मासळीबाजारात पापलेटाच्या कल्ल्यांसमोर, हजेरीपुस्तकासमोर, एकदा तर थेट मुख्याध्यापकांच्या नाकासमोर. आणि वर एकच वाक्य, "आधी बघा. मग बोला." आवाज असा की पुलाखाली अडकलेल्या बसचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढून घ्यायचा. खोटं वाटत असेल तर वाटू दे. लालबागच्या त्या शाळेत मी वीस वर्षं मराठी शिकवतोय, आणि प्रिंटरमध्ये कागद घालता येतो एवढ्या पुण्याईवर संगणक कक्षाचा प्रमुखही मीच आहे.

बाई विज्ञान आणि भूमिती शिकवायच्या, त्याही फोटोंवरून. त्रिकोण शिकवायचा तर गणपतीच्या मंडपाचे बांबू टिपून आणायच्या. गंज शिकवायचा तर चाळीतल्या मोरीचा पाइप. वर्गात फोटो कधी अख्खा दाखवायच्या नाहीत. प्रोजेक्टरने भिंतीवर आधी फक्त एक कोपरा. मिनिटभर शांतता. मग प्रत्येकाने असं काहीतरी सांगायचं जे दुसऱ्याने सांगितलेलं नाही. मग थोडा आणखी फोटो. तास संपता संपता अख्खं चित्र उघडायचं आणि वर्ग असा ओरडायचा की खालच्या मजल्यावरची बालवाडी रडायला लागायची.

त्या कोपऱ्यात दर वेळी बाईंचा अंगठा. फोन धरायची पद्धतच चुकलेली. हजारभर फोटो, हजारभर अंगठे. मी एकदा म्हटलं, तेवढा बाजूला घेत चला.

"राहू दे, सर," त्या म्हणाल्या. "पोरांना कळतं, फोटो कुणीतरी काढलाय. आभाळातून पडलेला नाही."

सगळ्यात गाजलेला फोटो सायलीच्या आजोबांच्या छातीचा. सायली सातवीतली, समोरच्या चाळीत राहणारी. आजोबांनी गिरणीत उभा जन्म कापूस श्वासातून आत घेतलेला. सायलीने आणलेला त्यांचा एक्स-रे बाईंनी वर्गाच्या खिडकीला चिकटवला, फोटो काढला, तो सायलीच्या आईच्या फोनवर पाठवला आणि विचारलं, आजोबांना दाखवा, वर्गात लावला तर चालेल का. आजोबांचा निरोप आला, "दाखवा, बाई. नायतर माझ्या छातीत कोण बघता?"

त्या दिवशी मुलं श्वास शिकली. नंतर आजोबा जिन्यात दिसले की पोरं त्यांच्या हातातली पिशवी ओढून घ्यायची.

मग संस्थेला देणगीत भिंतीएवढा स्क्रीन मिळाला. सोबत तयार चित्रांचा संच. पाणी कुठून येतं, तर निळं तळं आणि त्यात हंस. मंडळी, आमच्याकडे पाणी सकाळी साडेपाचला येतं, आणि त्याच्यासोबत हंस येत नाहीत, भांडायला शेजारणी येतात. संचातली फुफ्फुसं तर अशी गुलाबी की वर मलई घालून खावीत.

संस्थेच्या सेक्रेटरींनी मला बोलावून सांगितलं, उद्या पाहुणे येतायत, ते गंजके फोटो काढून टाका, फक्त संच ठेवा. बाईंच्या फोनचं पोट दर आठवड्याला भरायचं, म्हणून त्या सगळे फोटो शाळेच्या संगणकावर ठेवून फोन रिकामा करायच्या. 'इथे सुरक्षित आहे' हे सांगणारा मीच. आणि बटण दाबणाराही मीच. संगणकाने दोनदा विचारलं, नक्की पुसू का. त्या डबड्याला माझ्यापेक्षा जास्त काळजी होती.

दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर गुलाबी फुफ्फुसं. पाहुण्यांनी विचारलं, मुलांनो, काय दिसतं. मग सायली उठली.

"बाई, आमच्या आजोबांचा दाखवा ना."

आजोबा दोन महिन्यांपूर्वी गेले होते.

बाई संगणकाशी बसल्या. शोधत राहिल्या. मी पंख्याची पाती मोजत होतो, तीनच होती, तरी मोजत होतो. शेवटी बाई वळल्या आणि माझ्या तोंडासमोर सावकाश चिमूट उघडली.

"कोपरा दिसला, सर. अख्खा माणूस बघायची इच्छा नाही."

इतक्या हळू आवाजात त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. ओरडल्या असत्या तर आजवर विसरलो असतो. मला अजून संताप येतो. सेक्रेटरींचा येतो, त्या हंसांच्या तर माना पिरगळाव्याशा वाटतात, आणि सगळ्यात जास्त येतो माझ्या उजव्या हाताच्या या बोटाचा.

उरलेले चार महिने बाईंनी स्क्रीनकडे पाठ करून खडूने शिकवलं. मग निवृत्त झाल्या.

निरोप समारंभाच्या सकाळी सेक्रेटरींना स्क्रीनवर बाईंचा फोटो हवा होता. शाळेत एकही नव्हता. बाई कायम फोनच्या मागे. सेक्रेटरी म्हणाले, मग संचातला सूर्यास्त लावा, खाली नाव टाका. माझं डोकंच फिरलं. तसाच उतरलो आणि समोरच्या चाळीत गेलो. सायलीच्या आईच्या फोनवर 'शुभ सकाळ'चा एवढा ढिगारा की कुदळ लागली असती. तासाभराने तळाशी तो एक्स-रे सापडला. इतके महिने का नाही आलात, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

समारंभाला बाई आल्याच नाहीत. खुर्चीवर शाल आणि नारळ. मी फोटो लावला आणि बोटं फाकवत गेलो, कोपऱ्यात, आणखी कोपऱ्यात, अंगठा माणसाएवढा होईपर्यंत. त्याच्यावरच्या रेघा दिसत होत्या. नखात खडू होता.

सेक्रेटरी उठले. "सर, हे काय लावलंय तुम्ही?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात मागच्या बाकावरून सायली म्हणाली, "आधी बघा. मग बोला."

सेक्रेटरी खाली बसले. मिनिटभर कुणी बोललं नाही.