गादीवरचा समुद्र

आमच्या ह्यांना बाजारात सगळे ‘बघू’ म्हणतात. लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, पाटीवर चांगलं मोठं नाव रंगवून घेतलंय, पण ते आजवर कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. पडदा फुटलेला असो की आत चहा सांडलेला असो, हे मशीन हातात घेतात, उलटं करतात, कानाशी नेतात आणि म्हणतात, "बघू." लग्न करायचं का, असं शेवटी मीच ह्यांना विचारलं होतं, तेव्हाही हेच म्हणाले. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

बघून झालं की गिऱ्हाइकाला मात्र सगळं नीट समजावून सांगतात. घरच्या माणसाला वाईट वाटेल असं काही सांगायची वेळ आली, की ह्यांची दातखीळ बसते. आणि बोललेच तर इतकं तोकडं बोलतात की आपण आपला अर्थ लावत बसायचं. एकदा फोनवर म्हणाले, "मी थांबलोय." मला वाटलं, दुकानात काम निघालं असेल म्हणून थांबले असतील. मी जेवले, भांडी घासली, शिलाई मशीनवर दोन परकर शिवून टाकले. हे बापडे दीड तास बसस्टॉपवर माझ्यासाठी उभे. आम्हाला कुठंतरी जायचं होतं आणि ते माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. "वाट बघतोय असं नीट सांगायचं ना," मी म्हटलं. "थांबलोय म्हणजे तेच की," म्हणाले.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण ह्या स्वभावापायी ह्यांचा भाऊ तुटला. सासूबाई शेवटच्या आजारात होत्या. मोठे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, तिकडे परदेशात. रोज फोन करायचे आणि हे रोज सांगायचे, "बरी आहे." डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा मी म्हटलं, "अहो, भाऊजींना कळवा." हे म्हणाले, "बघू. उगाच घाबरेल तो." असे तीन दिवस काढले आणि सासूबाई गेल्या. भाऊजी आले ते एक दिवस उशिरा. हातातली बॅग खाली न ठेवता दारातूनच म्हणाले, "मला सांगायचं होतंस." हे उभेच. "अरे, काहीतरी बोल तरी." हे मूग गिळून उभे. भाऊजी चार दिवस मित्राकडे राहिले आणि गेले. त्याला अकरा वर्षं झाली. मला दोघांचाही राग आला होता, ह्यांचा जरा जास्तच.

मग ह्या वर्षी भाऊजींच्या मुलीचा फोन आला. "काकू, बाबा काकाशी बोलणार नाहीत, पण खेळतील म्हणाले." तिनं बापाला निवृत्तीनंतर एका खेळाचा नाद लावला होता. मोठा समुद्र आणि त्यात आपापली होडी. शिडात वारा भरायचा आणि जायचं. जिंकणं नाही, हरणं नाही, बोलायची सक्ती नाही. बोलावंसं वाटलं तर खाली एक ओळ लिहायची सोय. एका बेटावर दीपगृह आहे, तिथंवर पोचायला तास लागतो. "दर रविवारी तुमचे चार वाजता, आमची सकाळ असते," ती म्हणाली. "गेला आठवडाभर बाबा विचारतायत, काका येणार ना."

अशा खेळाला तगडं मशीन लागतं. ह्यांनी दोन मेलेल्या गेमिंग लॅपटॉपमधून एक जिवंत केला. एकाचा पडदा, दुसऱ्याचं पोट. माझ्या इस्त्रीपेक्षा जड झालं ते धूड. मी घरीच शिवणकाम करते, आणि ठेवायला जागा होती ती माझ्या कापायच्या टेबलावर. तिथं सदा टाचण्या, खडू, कात्री. पहिल्याच दिवशी ह्यांनी ते सरकवलं आणि खाली लांबलचक ओरखडा उठला. म्हणून मी गादी शिवली. निळी मखमल उरली होती, आत पिंजलेला कापूस भरला, कडेला पट्टी, एका बाजूला माउस ठेवायला खिसा आणि कोपऱ्यात रेशमी दोऱ्यानं एक होडी काढली. चार दिवस लागले. "आता ह्या टेबलावर हा लॅपटॉप गादीशिवाय ठेवायचा नाही," असा मी दमच भरला.

पहिला रविवार मला स्वप्नासारखा आठवतो. चार वाजता ऊन थेट पडद्यावर यायचं, म्हणून मी दोन्ही खिडक्यांचे पडदे ओढले, आणि खोलीत समुद्र आला. भिंतीवर निळं हललं, टेबलाखालच्या कापडांच्या घड्या निळ्या झाल्या, माझ्या मांडीवरच्या पांढऱ्या झग्यावरून पाणी वाहायला लागलं. लॅपटॉपचा पंखा वाऱ्यासारखा घुमत होता. ह्यांच्या होडीपुढं थोड्या अंतरावर दुसरी होडी, तांबड्या शिडाची. ते भाऊजी. इतक्या वर्षांनी ते आमच्या घरात आले होते आणि मी हातशिलाई करत होते, आणि हे काही विचित्रही वाटत नव्हतं. लाटांच्या आवाजानं माझा डोळा लागला. सासूबाई पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडत बसल्यात आणि दोघं भाऊ अंगणात खेळतायत, असं काहीतरी मला दिसत होतं. मग अचानक आवाज अडकला. एकच सूर, ऊंऊंऊं, लांबत गेला. मी डोळे उघडले तर समुद्र थिजलेला. उडालेले थेंब हवेतच, एक पांढरा पक्षी पंख पसरून जागच्या जागी, आणि तांबडं शीड पुढच्या खडकाआड अर्धं गेलेलं.

"हँग झाला," हे म्हणाले. बंद करून चालू करेपर्यंत भाऊजी निघून गेले होते. ह्यांनी निरोप लिहिला, लॅपटॉप अडकला. भाऊजींनी उत्तर दिलं, ठीक आहे.

दुसऱ्या रविवारी तेच. वीस-पंचवीस मिनिटं झाली, खडकांची सामुद्रधुनी आली, की समुद्राचं घोडं अडायचं. हे सोमवारी लॅपटॉप दुकानात घेऊन गेले, उघडला, पंखा साफ केला, चिपवरचा लेप खरवडून नवा लावला, मेमरी काढून पुसून बसवली. दुकानातल्या टेबलावर तीन तास खेळ चालवला, काही होईना. घरी आणला की अडकलाच. मग खेळातलं चित्रच हलकं केलं. लाटांचा फेस गेला, पक्षी गेला. "एवढं पाणी आणि आता पक्षीही नाही," मी चिडवलं. "तुमचं दुकान बंद करा आणि माझ्याकडे काजं-बटणं करायला या." हे नुसते हसले. त्याच आठवड्यात माझी चार रिकामी रिळं हरवली आणि रविवारी संध्याकाळी गादी झटकताना त्यातूनच खाली पडली. मखमलीवर चार खड्डे. मी म्हटलं, असतील ठेवली ह्यांनी विसरून.

तिसऱ्या रविवारीही समुद्र थिजला. पुन्हा चालू केलं तर खाली भाऊजींच्या ओळी येऊन पडल्या होत्या. ‘दुकान लॅपटॉपचं आणि तुझाच लॅपटॉप बिघडतो? पुन्हा तेच. मध्येच गप्प. नको असेल तर सांग.’ रात्र पडायच्या आत पुतणीचा फोन आला. "काकू, बाबा पुढच्या रविवारी शेवटचं येणार म्हणतात. मी खूप समजावलं. आता माझं नाही ऐकत." मी ह्यांना सांगितलं. हे "बघू" सुद्धा म्हणाले नाहीत. अकरा वर्षांनी उघडलेलं दार एका पंख्यापायी बंद होणार, म्हणजे काय म्हणायचं?

गुरुवारी डबा द्यायला दुकानात गेले. एक कॉलेजातली मुलगी गुलाबी पिशवीतून लॅपटॉप काढत होती. "खेळताना अचानक थांबतो, काका. काहीच हलत नाही."

ह्यांनी नेहमीप्रमाणे तो उलटा केला. "ठेवतेस कुठं?"

"पलंगावर. उशीवर ठेवते, मऊ असते ना."

"ह्या फटी दिसतात? ही ह्याची नाकं," हे म्हणाले. काय गोड आवाज लावला होता. "इथून हवा घेतो. खाली मऊ काही असलं की तो त्यात रुततो, नाकं बुजतात, आतून तापतो. फार तापला की बसतो थिजून. काही बिघडलेलं नाही, बाळ. उशी काढ, फळीवर ठेव."

मी दारात डबा धरून उभी. घरी गादी, दुकानात गादी नाही. चार रिळं. चार खड्डे. गादीला हात न लावता लॅपटॉप उचलून धरायचा खटाटोप. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मुलगी जाईपर्यंत मी कशी गप्प राहिले, माझं मलाच ठाऊक.

"कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"काय?"

"गादी."

हे स्क्रूंची डबी आवरायला लागले. "दुसऱ्या रविवारनंतर कळलं."

"आणि मला सांगितलं नाहीत? येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता, बाळ काय, नाकं काय. मला सांगायला काय झालं होतं?"

"तू चार दिवस शिवत होतीस. होडी काढलीस त्यावर. म्हटलं, बघू, गादी ठेवून काही जमतंय का."

"भाऊ चाललाय हातचा आणि तुम्ही गादी सांभाळताय?" मला रडूच आलं, भर दुकानात. "सासूबाईंच्या वेळी हेच केलंत. भाऊजींना वाईट वाटेल म्हणून कळवलं नाहीत. मग केवढं वाईट वाटलं त्यांना. मी काय काचेची आहे? ते काचेचे होते? सांगा आता. तोंडानं सांगा मला, गादीचं काय ते."

ह्यांनी डबीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. एवढ्या वर्षांत माझी बिघडलेली भाजी खाल्ली ह्यांनी, उसवलेला शर्ट घातला, पण कधी शब्द नाही. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझी गादी त्याच्या नाकावर बसते. काढायला हवी."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच वाईट वाटलं. चार दिवसांचं काम होतं. पण घरी पोचेपर्यंत ते ओसरलंही होतं, आणि ह्यांना ते दिसावं म्हणून मी संध्याकाळी मुद्दाम गुणगुणत फिरले.

रविवारी मी कापायच्या टेबलावरचं सगळं काढलं. माझा लाकडी फळा ठेवला, त्यावर तीच चार रिळं, त्यावर लॅपटॉप. गादी ह्यांच्या खुर्चीवर टाकली. "बसा तिच्यावर. तुम्हाला काही खाली नाकं नाहीत." ह्यांना हसू आलं. चारला पडदे ओढले. खोली निळी झाली. चित्र पुन्हा पहिल्यासारखं भारी केलं होतं, फेस आला, पांढरा पक्षी आला. तांबडं शीड पुढं होतंच.

मी हातात काम घेतलं, पण टाका घालवेना. पंधरा मिनिटं. वीस. मध्येच मी हात घालून लॅपटॉपखालची हवा बघितली, गरम पण वाहती होती. खडक आले, दोन्ही बाजूंनी उंच, खोलीत काळोख झाला, आणि होडी त्यांच्यामधून सरळ निघून गेली. पलीकडे सगळं पाणी सोनेरी होतं. मला इतकं हलकं वाटलं की बसल्या जागी आपणही डुलतोय असं वाटायला लागलं, टेबल, मशीन, कापडं, सगळंच एका संथ लाटेवर. दोन होड्या मागंपुढं चालल्या होत्या. दीपगृह आलं.

तिथं खाली ओळ उमटली. ‘आज नाही थांबलास.’

ह्यांची बोटं कळफलकावर तशीच राहिली. मला वाटलं, झालं, अडकला पुन्हा. पण पाणी हलत होतं, पक्षी फिरत होता. अडकले होते ते हे.

"सांगा," मी हळूच म्हटलं. "मला सांगितलंत तसंच."

ह्यांनी एका बोटानं लिहिलं. दोनदा खोडलं. मग पाठवलं. ‘दादा, आईचं तुला कळवायला हवं होतं. डॉक्टरांनी तीन दिवस आधी सांगितलं होतं. माझी हिंमत झाली नाही. चुकलं माझं.’

काही आलं नाही. तांबडी होडी पाण्यावर नुसती होती. पाच मिनिटं गेली असतील. दीपगृहाचा उजेड आमच्या भिंतीवरून फिरून जायचा, ह्यांच्या तोंडावरून, माझ्या हातावरून, पुन्हा भिंतीवर. ह्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. मला वाटलं, गेले भाऊजी. लॅपटॉप तसाच टाकून उठून गेले. जाणारच, तीन दिवस म्हणजे काय थोडे झाले? तेवढ्यात तर ते येऊन पोचले असते.

ह्यांनी लिहिलं, ‘आहेस?’

उजेड आणखी दोनदा फिरला.

‘आहे. थांबलोय.’

ह्यांनी होडी वळवली आणि सावकाश तांबड्या शिडाच्या बाजूला नेऊन उभी केली.