पेवातल्या तबकड्या

शेषेराव मुखेडजवळच्या खेड्यातले शेतकरी. शास्त्रीय गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण कापूस घालायला नांदेडला गेले की ग्रामोफोनची एक तबकडी घेऊनच परतायचे. दुकानात चार ऐकायचे आणि अजिबात ध्यानात न राहिलेली उचलायचे.

"जे डोस्क्यात बसलं ते इकत कशाला घ्यायचं?" असा त्यांचा सवाल. आठ वर्षांत नऊ तबकड्या जमल्या. बायको, सिंधू, कपाळावर हात मारायची. "याच्यापरीस तुमचं घोरणं बरं हाय!"

एका तबकडीला चरा होता. सुई तिथं अडकून एकच तान घोळवत बसे. मग शेषेराव उठून दांडीला टिचकी मारत.

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात नायगावाकडून लुटीच्या बातम्या यायला लागल्या. शेषेरावांना घोर तबकड्यांचाच. अंगणातल्या पेवात, जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात, नवी ज्वारी भरताना त्यांनी त्या धोतरात गुंडाळून मधोमध ठेवल्या आणि तोंड लिंपून टाकलं.

चौथ्या दिवशी टोळी आली. घर उलटंपालटं केलं, तबकड्या वाजवायचा बाजा उचलला. एकजण अंगणात भाल्यानं जमीन टोचत पेवाकडे सरकला. पण ताज्या लिंपणावर सिंधूनं नुकती व्यालेली म्हैस बांधून ठेवली होती. तो जवळ जाताच म्हैस फुसकारून अंगावर धावली. माणूस शिव्या घालत मागं सरला, आणि टोळी निघून गेली.

पावसाळा संपता संपता निजामाचं राज्य गेलं. शेषेरावांनी पेव उघडलं, आतली कोंदट हवा जायला एक दिवस थांबले आणि दोर धरून उतरले. कोंडलेलं धान्य आतल्या आत तापलं होतं, ज्वारी हाताला कढत लागत होती. तबकड्या लाखेच्या! नऊच्या नऊ भाजलेल्या पापडासारख्या वाकड्या झाल्या होत्या. लुटारूंपासून वाचवलेलं धन त्यांनी स्वतःच्या हातानं उकडून काढलं होतं. ते अंगणात बसून पोरासारखे रडले.

सिंधू सूप घेऊन ज्वारी पाखडायला बसली आणि हळूच गुणगुणू लागली. आलाप, बोल, सगळं ठाकठीक. मग चऱ्यावरची ती तान आली. पुन्हा तीच. पुन्हा तीच.

शेषेरावांचा हात सवयीनं टिचकी मारायला उठला, आणि सिंधू पुढचं गाऊ लागली.