माधवीची पारख

माधवीच्या नवऱ्याचा, समीरचा फोन आला तेव्हा मी आइंडहोवन स्टेशनबाहेर सायकलला कुलूप लावत होते. "माधवी गेली गं... सकाळीच," एवढंच तो बोलला. वर्षभराचा आजार होता, म्हणजे अनपेक्षित काही नव्हतं. तरीही मी तिथेच कठड्यावर बसून राहिले आणि ऑफिसला जायची गाडी निघून गेली.

माधवी आणि मी एकाच चिप बनवणाऱ्या कंपनीत काम करत होतो. तिचं काम दोष शोधण्याचं होतं आणि कामाबाहेरचा छंदही तसलाच. अमेरिकेत शिकत असताना तिला जुन्या बेसबॉल कार्डांचा नाद लागला. कार्ड म्हणजे पत्त्याएवढा पुठ्ठा, पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची माहिती. सांगलीची मुलगी आणि बेसबॉल! आम्ही चेष्टा करायचो, तिला काही वाटायचं नाही. इथे नेदरलँड्समध्ये या खेळाला होंकबाल म्हणतात हे कळल्यावर तिने शेजारच्या गावचा क्लब शोधून काढला होता आणि उन्हाळ्यात थर्मासमध्ये चहा घेऊन ती सामने बघायला जायची.

लॉकडाउनमध्ये माझ्या नवऱ्याने कुणाच्या तरी सांगण्यावरून अलीकडच्या काळातली अशी कार्डं ऑनलाइन विकत घेतली. पुढे भाव वाढेल म्हणून! माधवीने ती पाहिली आणि हसली. "अरे, ही छापली तेव्हा लोक शहाणे झाले होते. प्रत्येकाने जपून ठेवलीत. त्याआधीची पोरांनी खिशात कोंबली, सायकलच्या चाकात अडकवली, आयांनी केरात टाकली. जे कुणी जपलं नाही ना, तेच दुर्मिळ होतं." मग ती त्याला शेजारी बसवून शिकवायला लागली. कोपरे बघ, चित्र मधोमध छापलंय का बघ, आणि सगळ्यात शेवटी स्वतःला विचार, आपली मुलं म्हातारी होतील तेव्हा या खेळाडूचं नाव कुणी घेत असेल का? आज गाजतोय म्हणून घेऊ नकोस.

तिच्याकडे एक कार्ड होतं, तिच्या सगळ्या संग्रहाचा कळस. पहिल्या नोकरीच्या बचतीतून घेतलेलं, खूप जुनं, कोपरे सुईसारखे. सांगलीला तिचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तिने ते विकायचं ठरवलं. वर्षभर बिनपगारी रजा घेऊन त्यांच्याजवळ राहायचं होतं, आणि घराचा हप्ता तर थांबणार नव्हता. हारलेमहून विम नावाचे निवृत्त शिक्षक कार्ड बघायला आले. त्या दिवशी मी तिथेच होते. त्यांनी भिंगातून पाहिलं, पसंत केलं, हातात हात दिला. व्यवहार ठरला. माधवीने कार्ड पाकिटात घालण्याआधी शेवटचं एकदा खिडकीपाशी नेलं... आणि तिथेच थबकली. मग त्याच मालिकेतलं दुसरं, साधं कार्ड आणून तिने दोन्ही एकमेकांवर ठेवली. महागडं कार्ड केसभर अरुंद होतं. कुणीतरी कधीतरी झिजलेल्या कडा कापून कोपरे नवे केले होते. अशा कार्डाला फारशी किंमत उरत नाही.

"मी इतकी वर्षं कोपऱ्यांवर भाळले," ती मला मराठीत म्हणाली, आणि मग विमकडे वळून डचमध्ये सगळं सांगितलं. विमना काहीच दिसलं नव्हतं. त्यांनी पुन्हा भिंग लावलं, पुन्हा पाहिलं. "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं," ते म्हणाले. ती म्हणाली, "मला कळलं ना."

व्यवहार मोडला, वर्षाची रजा राहून गेली. साठलेली सुट्टी होती तेवढी घेऊन ती सांगलीला जाऊन आली. ती परत आल्यावर थोड्याच दिवसांत वडील गेले. मी एकदा धीर करून विचारलं, "वाईट वाटतं का गं?"

"वाटतं ना. रोज वाटतं," ती म्हणाली. "पण बाबांनी विचारलं असतं, एवढी रजा जमवलीस कशी? तर काय सांगितलं असतं मी?"

विमचं येणं मात्र सुटलं नाही. दर महिन्याला हारलेमहून गाडीने यायचे, दोघं कार्डांवरून भांडायची. आजारपणात ती बसू शकेनाशी झाली, तेव्हा ते पलंगाशेजारी खुर्ची घेऊन कार्डं एकेक करून तिच्यासमोर धरायचे.

ती गेल्यावर एका व्यापाऱ्याने सगळा संग्रह एकगठ्ठा मागितला. समीर द्यायला निघाला होता, विमनी थांबवलं. गेल्या शनिवारी ते तिच्या खोलीत बसले, मीही होते. कुठलं आत्ता विकायचं, कुठलं थांबवायचं, हे समीरला आणि माधवीच्या लेकीला, इराला, समजावत. शेवटी कपाटाच्या तळातून एक बुटाचं खोकं निघालं. अमेरिकेत शिकताना ओहायोत माधवीचे घरमालक होते, एकटे म्हातारे गृहस्थ. पहिल्या हिवाळ्यात तिला घरची आठवण येऊन रडू यायचं, तेव्हा त्यांनी लहानपणची आपली कार्डं तिच्यापुढे ठेवून खेळ समजावला होता. हीच ती, त्यांनी तिलाच देऊन टाकलेली, रबरबँडने मध्ये चिरलेली, पाण्याने फुगलेली कार्डं. समीरनेच ते सांगितलं.

विमनी एकेक उलटून पाहिलं. "यांना किंमत येणार नाही," ते हळूच म्हणाले. "कधीच नाही."

"गुड," इरा म्हणाली. "मग कोणी मागायला येणार नाही."

तिने खोकं उचललं आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवलं.