कडीवर चौदा, खुंटावर बारा

एकनाथराव आणि हे लिहिणारी तानाबाई यांची ओळख प्रौढ साक्षरता वर्गामुळे झाली. तो वर्ग एकनाथरावांच्या पत्नी सरोजिनीबाई घराच्या पुढच्या खोलीत घेत असत. मंद्रूपहून मुलाकडे राहायला आलेल्या तानाबाईंनी साठी उलटल्यावर अक्षरे आणि आकडे तेथेच गिरवले. वर्ग चालू असताना एकनाथराव सारखे आत-बाहेर करीत. कोर्टातली कारकुनी संपली तरी त्यांच्या पायांना निवृत्ती ठाऊक नव्हती.

पुढे सरोजिनीबाईंची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले, तरी वर्ग त्यांनी बंद केला नाही. परतताना त्यांना बसवत नसे, त्यामुळे रिक्षा उपयोगाची नव्हती. जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर त्या आडव्या होत. दसऱ्यानंतर त्या गाडीने दगा दिला. दवाखान्यातून येताना ती भर उन्हात बंद पडली. लोकांनी ढकलून कडेला घेईपर्यंत सरोजिनीबाई मागे डोळे मिटून पडून होत्या. तेव्हापासून एकनाथरावांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. दोन दिवसांनी गॅरेजवाल्याने बॅटरी चार्ज करून दिली, डायनामो गेला असावा असे सांगितले आणि गाडी चार दिवस ठेवून जा म्हणाला. डायलिसिस तर दुसऱ्याच दिवशी सकाळी होते.

तेव्हा एकनाथरावांनी नवी पेठेतून व्होल्ट मोजायचे एक मीटर आणले आणि अंगणात बॉनेट उघडले. इंजिन चालू झाले की डायनामो वीज तयार करून बॅटरी भरतो; त्या वेळी बॅटरीवरचा आकडा साडेतेराच्या पुढे जायला हवा, एवढे त्यांनी मोबाईलवर पाहून ठेवले होते. मात्र ॲक्सिलरेटर दाबायला एक आणि आकडा वाचायला दुसरे माणूस लागत होते. वर्गाला लवकर आलेल्या तानाबाईंच्या हाती त्यांनी मीटर दिले. तानाबाईंनी बारा वाचले. एकनाथराव उतरून स्वतः पाहून गेले. पुन्हा बारा. ते पुन्हा उतरले.

खिडकीशी पडलेल्या सरोजिनीबाई म्हणाल्या, "अहो, त्यांना वाचता येतं. मी शिकवलंय. तुम्ही एका जागी बसायचं तेवढं शिका."

इंजिन बंद करून एकनाथरावांनी डायनामोचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. तो ताठ होता. मग इंजिन पुन्हा चालू करून डायनामोच्या मागच्या बोल्टवर मीटर त्यांनी स्वतःच लावले, कारण फिरत्या पट्ट्याजवळ तानाबाईंचा पदर नको होता. तेथे चौदा आले. डायनामो शाबूत होता. वीज वाटेत अडत होती. ते पुन्हा गाडीत जाऊन बसले आणि तानाबाईंना बॅटरीजवळ तपासायला सांगितले. डायनामोकडून आलेल्या तारेच्या टोकाला एक कडी होती, आणि ती बॅटरीच्या खुंटावर, म्हणजे वर आलेल्या शिशाच्या टोकावर, आवळलेली होती.

"सायेब, ह्या कडीवर चौदा हाय. खुंटावर बारा."

"दोन्ही एकच जागा आहे, तानाबाई."

"जागा एक आसंल की. आकडा एक न्हाय."

एकनाथराव उतरले आणि त्या दिवसात प्रथमच स्तब्ध उभे राहिले. खंडेनवमीला त्यांच्या घरी प्रत्येक अवजार सुटे करून, धुऊन, तेलात कालवलेला शेंदूर लावून पुजण्याची रीत होती. यंदा पत्नीला नेणाऱ्या गाडीने कधी अडवू नये म्हणून त्यांनी बॅटरीच्या तारासुद्धा सोडवल्या होत्या, आणि कडीला आतून-बाहेरून शेंदूर माखून ती तशीच आवळली होती. तो थर वाळून मध्ये बसला होता आणि वीज पुढे जाऊ देत नव्हता.

सरोजिनीबाईंना हे कळले तेव्हा त्या पोट धरून हसल्या. देवाला लावायचे ते गाडीला चारले, म्हणाल्या.

तारा सोडवून एकनाथरावांनी कडी पॉलिश पेपरने चकचकीत केली आणि पुन्हा घट्ट आवळली. खुंटावर चौदा आले. त्यांनी दिवे लावून पाहिले, पंखा लावून पाहिला, गल्लीत फेरी मारून पाहिले. चौदाचा आकडा हलला नाही. तरी त्या संध्याकाळी वर्ग चालू असताना ते तीनदा अंगणात जाऊन आले.

सकाळी सरोजिनीबाई मागे आडव्या झाल्या. एकनाथरावांनी मोबाईल चार्ज करण्याच्या खाचेत मीटरच्या तारा अडकवल्या, पुढचे दार उघडून धरले आणि मुद्दाम बोलावून घेतलेल्या तानाबाईंना म्हणाले, "तुम्ही शेजारी बसा आणि दवाखान्यापर्यंत आकडा वाचत चला. बदलला नाही तरी सांगा."